एकसष्ट सालचा नकाशा

उईके गुरुजींच्या वर्गात आफ्रिका खिळ्याला टांगलेली.
खालची काठी वाळवीनं खाल्ली होती, म्हणून ती
केप टाउनपासून वर वळायची
आणि शेंगेएवढं मादागास्कर
दिवसभर भिंतीला घासत राहायचं.
नकाशा छापला एकसष्टला. आम्ही पंच्याहत्तरचे, सातवी ब.
इंग्रजांचं गुलाबी, पोर्तुगीजांचं हिरवं,
समुद्र आमच्या निळीच्या डबीचा.

गुरुजी प्रार्थनेआधी रेडिओ ऐकून यायचे.
सेलांना सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेला.
आले की एखाद्या देशाकडे असे बघायचे
जसा न्हावी बघतो गिऱ्हाइकाच्या गालाकडे.

"गनिमी कावा म्हणजे काय?"
आम्ही इतिहासातलं सांगितलं: घाट, रात्र, घोडे.
"घोडे नाहीत तिकडे. पायी. दहा वर्षं पायी.
अंधार पडला की गावात येतात,
ज्वारीचं पीठ मागून खातात."
ज्वारी?
"हो, ज्वारी. तिकडूनच आली म्हणतात आपल्याकडे."
मग मागच्या पट्टीवरून सुभद्रा भोयर उठली,
"गुरुजी, अन् पीठ देनाऱ्या बाईचं नाव
पुस्तकात येते काय?"
गुरुजींनी खडू बोटांत दोनदा फिरवला.
"नाही येत. बस."

पंचवीस जूनच्या रात्री तिकडे एक झेंडा उतरला, एक चढला.
सव्वीसला आमची शाळा उघडली.
छापलेली शाई खोडरबराला ऐकत नाही,
म्हणून त्यांनी वहीचा कागद कापला, मैद्याची खळ लावली,
आणि हिरव्यावर चिकटवलं: मोझांबिक.
त्याच सकाळी रेडिओनं आपल्याबद्दलही काही सांगितलं होतं.
हेडमास्तर गावंडे दाराशी आले,
म्हणाले, आता जरा हळू शिकवत जा.
गुरुजी हळू बोलू लागले.
हळू आवाजात मोझांबिक आणखी लांब वाटायचं.
बसस्टँडवर पाटी लागली, बोलणं कमी, काम जास्त.
पाटीखाली माणसं बसायची, गप्प, बिड्या ओढत.

कार्तिकात अंगोला सुटलं.
तीन फौजा, तिघींचे वेगळे रेडिओ, तिघीही जिंकलेल्या.
गुरुजींनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या,
एकही लावली नाही.
खळ वाटीत वाळून तिचा पापड झाला.
खाली ऱ्होडेशिया गुलाबी होता तसाच.
"त्याला वेळ आहे," एवढंच म्हणायचे,
जसं आई म्हणते कच्च्या सीताफळाला.

वार्षिकचा पेपर यवतमाळहून आला.
किनाऱ्यावरच्या हिरव्या देशाचं नाव लिहा, दोन मार्क.
मी लिहिलं. तपासणारा दिग्रसचा,
त्याच्याकडेही एकसष्टचाच नकाशा असावा.
लाल फुली. शेजारी कंसात: पोर्तुगीज पूर्व आफ्रिका.
साहेब तपासणीला आले तेव्हा
सरकारी नकाशा विद्रूप केला म्हणून
गुरुजींच्या पगारातून साडेसात रुपये कापले.
त्यांनी पावती मागितली.
ती नकाशामागे टाचून ठेवली.

एकदा दुपारी शकुंतला गेली खिडकीसमोरून,
कापसाच्या गाठी घेऊन,
एवढी सावकाश की पोरं उतरून बोरं वेचून
परत चढायची.
"हे रूळ कोणाचे?" गुरुजी.
रेल्वेचे. सरकारचे. देवाचे, म्हणाला एक.
"विलायतेतल्या कंपनीचे. अजून.
दरसाल भाडं जातं."
कोणी काही बोललं नाही. शकुंतलाच तेवढी शिट्टी देत होती.

मधल्या सुट्टीत मी गुलाबी पेन्सिल काढली,
भारताच्या नकाशावर रेघ ओढली,
मूर्तिजापूर ते यवतमाळ, मुंगीच्या पायाएवढी.
गुरुजी मागे उभे होते, मला कळलं नाही.
हात उचलला, वाटलं आता कान.
म्हणाले, "पट्टी वापरायची होती. रेघ वाकडी आली."
"वाकडीच जाते गुरुजी," मी म्हटलं,
"नदीपाशी."